शेजारच्या सीटचा ब्रेक

६ मार्च, सोमवार

प्रसूतिगृहातून आज एक कागद मिळाला आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. कागद साधा, एकपानी. नाव, वय, रक्तगट हे मी उभ्या उभ्या भरलं. खाली दोन रकाने उरले. ‘पूर्वतयारीची पद्धत’ आणि ‘सोबतीला येणारी व्यक्ती (एकच)’. सिस्टर म्हणाल्या, चौतिसावा आठवडा संपायच्या आत द्या, म्हणजे चोवीस एप्रिल. पद्धतीचे क्लास त्यांच्याकडेच शनिवारी असतात, आणि सोबत येणाऱ्यानं निदान तीन क्लास केलेले हवेत. नाहीतर तो बाहेर बाकड्यावर.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. “सगळं छान आहे. नैसर्गिक बाळंतपणाला काही म्हणजे काही अडचण दिसत नाही. फक्त तुम्ही अंग सैल सोडत नाही हो.”

“सोडलंय की.”

“मग हा पाय काय करतोय?”

बघते तर माझा उजवा पाय टेबलाच्या टोकाच्या पट्टीवर गच्च रोवलेला. मी काढला. दोन मिनिटांत परत तिथेच.

नऊ वर्षं मी लोकांना गाडी शिकवते. सहाशेच्या वर माणसं माझ्या हाताखालून, खरं तर पायाखालून गेली. मी शेजारच्या सीटवर बसते आणि तिथे माझा वेगळा ब्रेक असतो. कुणी ओरडतं, कुणी चौकात डोळे मिटतं, एका बाईंनी तर वळणावर दोन्ही हात सोडून देवाला जोडले. मी हूं की चूं करत नाही. रोज दुसऱ्यांची घाबरगुंडी निस्तरते, मग स्वतःच्या एका बाळंतपणाला काय घाबरायचं? पण पद्धत नीट हवी. पद्धत असली की मी काहीही करू शकते.

११ मार्च, शनिवार

पद्धत पहिली : श्वास मोजणं. शिकवणाऱ्या निवृत्त नर्स आहेत, गळ्यात शिट्टी, म्हणून मी त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलंय. कळ आली असं समजायचं, सोबतच्यानं आकडे म्हणायचे आणि आपण त्या तालावर श्वास घ्यायचा-सोडायचा. मला एकदम पटलं. आकडे आहेत, ताल आहे, चूक झाली तर शिट्टी आहे.

पण नवरा! हा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. ह्याच्या हातातून काच निघते ती निर्दोष निघते, पण तोवर गिऱ्हाइकाचा नंबर बदललेला असतो. आकडेही तसेच. “एक…” म्हणाला आणि इतका थांबला की मला वाटलं विसरला. हा तीनवर, मी सहावर. शेवटी मीच मोठ्यानं मोजायला लागले, तर शिट्टीबाई म्हणतात, “बाई, तुम्ही श्वास घ्या, मोजायला ते आहेत ना?”

आहेत कुठे, येतायत अजून.

येताना रस्त्यात भांडण झालं. म्हणजे मी भांडले, हा चालत होता.

१४ मार्च, मंगळवार

आज नवीनच. ह्याला म्हणे आता मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी उशीर होणार आणि शनिवारीही दुकान. काम वाढलंय. बायकोचे दिवस भरत आलेत आणि ह्याच्या काचांना आत्ताच ऊत आला. मी म्हटलं, “तीन क्लास झाले नाहीत तर आत सोडणार नाहीत तुला, माहितीय ना?” तर म्हणतो, “बघू या ना.”

बघू या ना! ह्या तीन शब्दांवर माझा संसार चाललाय.

१८ मार्च, शनिवार

पद्धत दुसरी : डोळे मिटून शांत होणं. एकटीच गेले. शिकवणारा मनुष्य इतका हळू आणि मऊ बोलतो की कानात कापूस गेल्यासारखं वाटतं. एक तळं डोळ्यांसमोर आणायचं. पाणी संथ आहे, तुम्ही नावेत आहात, वल्ही सोडून द्या. माझ्या तळ्यात लगेच समोरून दुसरी नाव आली, तीही चुकीच्या बाजूनं. मी डोळे उघडले. बाकीच्या अकराजणी मेणासारख्या वितळून पडलेल्या. तो म्हणाला, “उघडू नका डोळे, काही होत नाही.” अहो, आमच्या धंद्यात डोळे मिटले की काय होतं ते मी रोज बघते.

रद्द.

२१ मार्च, मंगळवार

आमच्या ड्रायव्हिंग शाळेचे मालक, म्हणजे मास्तर, साठी उलटली तरी स्वतः शिकवतात. आज चहा पिताना म्हणाले, “एक शिकाऊ आलाय माझ्याकडे. हात चांगला आहे, आरसे बघतो, घाई नाही. पण शेजारी मी नुसता श्वास जरी जोरात घेतला तरी गाडी बंद पाडतो. काय करावं?”

मला असले रोगी आवडतात. मी म्हटलं, “आधी कुणाकडे शिकला होता का?”

“होता थोडे दिवस.”

“मग त्या मास्तरानं उठसूट ब्रेक मारून त्याचा जीव खाल्ला असणार. असल्या माणसाला वाटतं की आपण चालवतच नाही, शेजारचाच चालवतोय.”

मास्तर चहात बघून हसले. “मग उपाय?”

“तुम्ही मांडी घालून बसा. त्याच्या देखत. पाय ब्रेकजवळ नाहीत हे दिसलं पाहिजे त्याला. आपोआप चालवेल.”

“तू बसतेस का अशी?”

“माझी गोष्ट वेगळी आहे,” मी म्हटलं आणि पुढच्या शिकाऊकडे गेले.

२५ मार्च, शनिवार

पद्धत तिसरी : हालचालीची. मोठा चेंडू, छताला टांगलेला दोर, ओणवं होणं, कंबर डोलवणं. शिकवणारी मुलगी शिडशिडीत, पूर्वी कसरती करायची. ती म्हणे, “अंग सांगेल तसं करा, मी काही सांगणार नाही.” अगं मग फी कशाची घेतेस? मी चेंडूवर बसले. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पाच मिनिटं कंबर हलकी झाली. मग ती म्हणाली, “टाचा उचला, जमिनीचा आधार सोडा.” माझा पाय काही उठेना. ती गुडघ्याला हात लावून म्हणाली, “ही पोटरी दगडासारखी झालीये.”

नऊ वर्षांची कमाई आहे ती.

२ एप्रिल, रविवार

ह्याची डावी पोटरी दुखतेय म्हणून गरम पाण्याची पिशवी घेऊन बसला होता. दिवसभर स्टुलावर बसून काचा घासणाऱ्याची पोटरी कशी दुखते? म्हटलं, बाळंतीण मी होणार आणि पाय तुझे दुखतायत.

मग वाईट वाटलं. मीच दाबून दिली.

आज लिहायचंच म्हणते. ही गोष्ट मी कधी लिहिली नाही. दुसऱ्या वर्षी एक कॉलेजची मुलगी शिकत होती. भर दुपार, मोकळा रस्ता. मी तिच्याकडे वळून काहीतरी गमतीचं सांगत होते. सायकलवाले काका गल्लीतून आले. ती गोठली. माझा पाय पोचला, पण अर्धा सेकंद उशिरा. काकांचं मांडीचं हाड मोडलं. चार महिने मी त्यांच्याकडे डबा नेत होते. ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत, उलट पोरीला आणि मला समजावत. तेव्हापासून माझा पाय ब्रेकवरून हलत नाही. गंमत तर मी गाडीत सांगतच नाही.

त्यानंतर वर्षभरानं लग्न झालं आणि मी ह्याला शिकवायला घेतलं. अकरा दिवस. ह्यानं गाडी हलवली की मी थांबवायची. बाराव्या दिवशी हा म्हणाला, “राहू दे, मी चालत बरा.” सहाशे जण शिकले आणि घरचा एक राहिला. लोक विचारतात तेव्हा मी हसण्यावारी नेते.

ह्याला कळतंय का, पोटात जे आहे ते माझ्या पायाखाली नाहीये? तिथे ब्रेक नाही. ह्या पाहुण्याला काही झालं आणि मी अर्धा सेकंद उशिरा पोचले तर?

७ एप्रिल, शुक्रवार

माझं नाक पार बिघडलंय. हा घरी आला तर ह्याच्या शर्टालाही आमच्या शाळेच्या गाडीतल्या लिंबाच्या सेंटचा वास. आता सगळीकडे मला कामाचाच वास येणार बहुतेक.

न्हाणीघरातला आरसा कुणीतरी वाकडा करून ठेवलाय. मी सरळ केला, परत वाकडा.

१३ एप्रिल, गुरुवार

ताईला फोन केला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, दीड तासाच्या अंतरावर राहते, दोन बाळंतपणं स्वतःची आणि चार दुसऱ्यांची निभावलेली. तिचा आवाज ऐकला की कुकरसुद्धा शिट्टी थांबवेल. मी म्हटलं, येशील का सोबतीला? म्हणाली, “येते की. पण त्याचं काय?”

“त्याला वेळ नाही.”

“विचारलंस का त्याला नीट?”

“एकदा विचारलं.”

“कसं विचारलंस?” ताईला सगळं कळतं, हाच तिचा दुर्गुण.

ताईनं गेल्या साली तिच्या सासरच्या एका भाचीबरोबर शिट्टीबाईंचे पाच क्लास केलेत. हजेरीचा प्रश्नच मिटला.

२४ एप्रिल, सोमवार

कागद दिला. पद्धत : श्वास मोजणं. सोबत : ताई. सकाळी भरून टेबलावर ठेवला होता, तो ह्यानं वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. म्हणाला, “अक्षर छान आलंय तुझं.”

मग ताटं विसळायला गेला. पाणी बराच वेळ वाहत होतं, ताटं तर दोनच होती.

मी विचारलं, “राग आला?” म्हणाला, “नाही. ताई बऱ्या मोजतील.” भांडला असता तर मीही भांडले असते, आणि मोकळे झालो असतो दोघं. असा माणूस काय कामाचा? दिवसभर चिडचिड होतेय आणि कारण सापडत नाहीये. निवड बरोबर आहे. मी तिन्ही पद्धती तपासल्या, दोन्ही माणसं तपासली. बरोबरच आहे.

९ मे, मंगळवार

रजा सुरू झाली. घरात बसवत नाही. कपाट दोनदा लावलं. खिडकीतून खालच्या रस्त्यावरच्या चुका मोजते, आज एकवीस. एक पांढरी गाडी मात्र कुणीतरी सुरेख मागे घेतली, एका दमात, दोन गाड्यांच्या मध्ये. आमच्याच शाळेची पाटी होती. चालवणाऱ्याचा चेहरा दिसला नाही. मास्तरांचा तो हळूबाई शिकाऊ असावा. मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या.

पाच मिनिटांनी हा घरी आला, आज लवकर. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. खिशात स्वतःचे दोन पासपोर्ट फोटो. दुकानाच्या ओळखपत्राला लागतात म्हणे. गुणगुणत होता. लग्नाला सहा वर्षं झाली, मी ह्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

एक घाणेरडा विचार आला मनात, लिहितेच. मंगळवार, शुक्रवार, सेंट, गुणगुणणं. मग स्वतःचंच हसू आलं. हा? ह्याला सोयरीक करायलाही पाच महिने लागले होते. तरीपण शर्टाचा वास परत घेऊन बघितला. लिंबूच.

१७ मे, बुधवार

मास्तर येऊन शाळेची गाडी आमच्या इमारतीखाली लावून गेले. मी रजेवर आहे म्हटल्यावर गाडी इथे कशाला? म्हणाले, “असू दे, लागली तर.” कोण चालवणार, पाहुणा का? ते हसले, चावी खुंटीला लावली आणि गेले. म्हातारपण आलं त्यांना.

जाताना मी विचारलं, “तुमच्या त्या शिकाऊचं काय झालं?”

“पास झाला. तुझा उपाय लागू पडला.”

मला फार बरं वाटलं. एवढं तरी जमलं ह्या महिन्यात.

२२ मे, सोमवार

प्रसूतिगृहाच्या खाटेवरून लिहितेय. आज लिहिलं नाही तर मी हे सगळं माझ्या सोयीनं आठवेन, म्हणून आत्ताच.

काल रविवार. सकाळी सातला कंबर धरली. मी वेळ लिहीत बसले, कागदावर रेघोट्या. नऊला अंगावरून पाणी गेलं. सिस्टर फोनवर म्हणाल्या, लगेच या. ताई म्हणाली, “निघालेच, दीड तास धर.” टॅक्सी पाऊण तासानं येणार. मी म्हटलं, मीच चालवते. ह्यानं खुंटीवरची चावी काढली.

“ठेव ती,” मी म्हटलं.

“चल,” हा म्हणाला.

खाली उतरवलं मला, दार उघडलं. माझ्या रोजच्या सीटचं. स्वतः फिरून चाकामागे बसला. पट्टा, आरसा, दुसरा आरसा, खांद्यावरून मागे नजर. गाडी लोण्यातून निघाल्यासारखी निघाली. मी तोंड उघडून बघत राहिले, आणि मग कळ आली आणि सगळं विसरले.

चौकात दुसरी. माझा पाय सण्णकन खाली गेला. गाडी चौकाच्या मधोमध बंद. चारी बाजूंनी भोंगे. ह्यानं गाडी सुरू केली. पुढे चढावर तिसरी कळ, परत माझा ब्रेक, परत बंद, गाडी हातभर मागे आली. “काय करतोस!” मी ओरडले. त्याला ओरडले, आणि ब्रेकवर पाय माझा होता.

ह्यानं गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. माझ्याकडे वळला.

“सीट मागे घे आणि मांडी घाल.”

“काय?”

“मांडी घाल. मास्तर घालायचे. तूच सांगितलं होतंस त्यांना.”

माझ्या डोक्यात एकेक करून सगळं पडायला लागलं. पोटरी. आरसा. फोटो. लिंबू. त्या रागात मी त्याला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू शेजारी बसली असतीस.”

सरळ बोलला, टोमणा म्हणून नव्हे. आणि पुढे म्हणाला, “तू बसायला हवी होतीस गं. पण मला आधी शिकायचं होतं. रस्त्यात तुला काही झालं तर मी नुसता चालत बरा, असं नको होतं मला.”

मी सीट मागे सरकवली. त्यानं पट्टा पोटाखाली नीट करून दिला. मी एक पाय उचलला आणि मग दुसरा. दुसरा माझा नव्हताच जणू, हातानं उचलून ठेवावा लागला.

पुढची कळ आली तेव्हा पायाखाली काहीच नव्हतं. मला वाटलं, आता गेलं सगळं. मी दाराचा दांडा धरला आणि घसा फाडून ओरडले. गाडी चालत राहिली. मी काही केलं नाही तरी चालत राहिली. आणि हा रस्त्यावरची नजर न हलवता मोजत होता, त्याच्या त्या मेल्या चालीनं. “एक… दोन…” आणि त्या एक आणि दोनच्या मध्ये पहिल्यांदाच मला पुरेसा श्वास घ्यायला जागा मिळाली. घाई मलाच होती. शिट्टीबाईंच्या क्लासातही मलाच होती.

दारात सिस्टर कागद घेऊन उभ्या. “सोबतीला ताई लिहिलंय.”

“खोडा.”

“पण ह्यांची हजेरी एकाच क्लासची दिसते. नियम आहे…”

“दोन महिने क्लास केलेत त्यांनी, मंगळवार-शुक्रवार,” मी म्हटलं. “चुकवला नाही एकही.”

“कुठल्या पद्धतीचे?”

कळ येत होती. मी म्हटलं, “मांडी घालायच्या.” सिस्टरनी माझ्याकडे बघितलं, ह्याच्याकडे बघितलं, आणि काहीतरी लिहून टाकलं.

आत सहा तास लागले. शांत, सुंदर वगैरे काही नव्हतं. मी सिस्टरना शिव्या दिल्या, चेंडू मागितला, चेंडू फेकला. जेव्हा जेव्हा माझा पाय रोवायला काहीतरी शोधायचा तेव्हा हा फक्त “पाय” म्हणायचा आणि टाचेखाली तळहात धरायचा. दाबायला तिथे काही नसायचं, नुसता हात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता सोडलंत बरं का.” चार वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. ताई बाहेर बाकड्यावर होती, तिथून तिचा आवाज आत ऐकू येत होता.

ह्याचा हात सुजलाय. विचारलं तर म्हणतो, उद्या काचा घासता येतील.

२४ मे, बुधवार

घरी आलो. मागच्या सीटवर मी आणि शेजारी तिच्या छोट्या खुर्चीत ती. पुढे हा एकटा. त्याच्या शेजारची सीट रिकामी, ब्रेक तसाच खाली, कुणी पाय न ठेवलेला.

ती सगळा वेळ झोपलेली होती. एक हात बाहेर काढून, मूठ वळून. मी त्या मुठीकडे बघत होते. नखं आहेत, खरोखर आहेत.

गाडी थांबली आणि हा म्हणाला, “आलो.” मी वर बघितलं. आमचीच इमारत. ह्या गावात रस्ता कुठला, सिग्नल किती, खड्डा कुठे, हे मला झोपेतही सांगता येतं. आज आम्ही चौकातून आलो की पुलावरून, ते मला माहीत नाही.